पीटीएच्या मंडळींनो, एक मीटिंग फक्त त्या लसीच्या तारखांसाठी घ्या

गोव्यातल्या सगळ्या हायस्कुलांच्या पालक-शिक्षक संघांचे अध्यक्ष, खजिनदार, आणि मीटिंगला येऊन मागच्या बाकावर मोबाईल बघत बसणारे सगळे सभासद (त्यात मी पण आले),

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली एक आई. एका सोसायटीत अकाउंट्स बघते, दोन मुली आहेत, मोठी हायर सेकंडरीला गेली आणि धाकटी सातवीत. डॉक्टर नाही, नर्स नाही, सोशल वर्कर तर अजिबात नाही, पण गेल्या दोन वर्षांत एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसवरच्या, लसीपायी एवढी फिरलेय आणि एवढ्या लोकांना एकच प्रश्न विचारलाय की आता शाळेच्या गेटवर बायका मलाच गाठतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढूया आणि लिहायचं तर तुम्हालाच.

निमित्त झालं आमच्याच शाळेच्या मागच्या मीटिंगचं. शाळेचं नाव सांगत नाही कारण तुमच्या शाळेत पण हेच झालं असणार. गॅदरिंगच्या वर्गणीवर पाऊण तास, नववीच्या वर्गातल्या पंख्यावर वीस मिनिटं, सहलीला कदंबची सरकारी बस घ्यायची की प्रायव्हेट यावर तर दोन गट पडले, आणि एकदम शेवटी सगळे उठायला लागल्यावर एका बाईंनी लसीचा विषय काढला तर उत्तर मिळालं, "ग्रुपवर टाकलंय, बघून घ्या." तेवढ्यात पुरुष मंडळी चहाला बाहेर पण गेली. ग्रुपवर बघितलं तर एक तिरका काढलेला इंग्लिश कागदाचा फोटो, त्याची खालची ओळ कापलेली, आणि खाली 14 जणांनी हात जोडलेले.

मला सांगायचंय ते एवढंच की आपल्याकडे या लसीला विरोध फार नाहीये, गोंधळ आहे. पेपरात आणि टीव्हीवर नेहमी असं दाखवतात की लोक अडाणी, अफवांना भुलतात, म्हणून लस घेत नाहीत. असतील तसे पण. पण मी ज्या ज्या आयांशी बोलले त्यातल्या बहुतेक जणी तयार होत्या, पैसे बाजूला काढून ठेवलेल्या होत्या, आणि अडल्या कुठे तर "दोन डोस की तीन?", "कोण म्हणतं एकच पुरे?", "सहा महिने म्हणजे नेमके कधी, तेव्हा परीक्षा असली तर?", "पाळी चालू असली तर चालतं?" एवढ्यावर. या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत हो, एका मीटिंगमध्ये होतील. पण ती कोणी देत नाही म्हणून मुलगी 13 ची 14 होते, 14 ची 15 होते आणि मग हिशोबच बदलतो.

हिशोब बदलतो म्हणजे काय ते माझ्या मोठीचं उदाहरण देऊन सांगते, म्हणजे नीट समजेल.

तिला पहिला डोस दिला तेव्हा ती 14 वर्षं 10 महिन्यांची होती. उशीर माझाच, दोन वर्षं नुसती घेऊया घेऊया करत होते. जूनमध्ये पाऊस मुसळधार, स्कूटरवरून भिजत गेलो आणि देऊन आलो. तिथे सांगितलं दुसरा डोस सहा महिन्यांनी. बरं. मध्ये ऑगस्टमध्ये तिचा वाढदिवस झाला, 15 पूर्ण झाली. डिसेंबरात फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आता तिला 15 पूर्ण झाली ना, मग तीन डोसचं शेड्यूल लागतं, आधीचा धरता येणार नाही, नव्याने सुरू करावं लागेल." मी फोन ठेवला आणि सरळ कॅल्क्युलेटर घेऊन बसले. नवरा म्हणाला, राहू दे आता, बघू पुढे. आणि मी सांगते, तिथेच बहुतेक मुलींचं राहतं. कोणी नको म्हणत नाही, "बघू पुढे" म्हणतात.

माझ्या सुदैवाने म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जुनी मैत्रीण भेटली, तिने तिच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एका मिनिटात सोडवलं. म्हणाले, बघायचं असतं ते पहिल्या डोसच्या दिवशीचं वय. त्या दिवशी 15 पूर्ण नव्हती ना, मग तिचे दोनच डोस, दुसरा घ्यायच्या वेळी ती 15 ची असो नाहीतर साडेपंधराची. आणि पहिला डोस वाया जात नाही, नव्याने काही सुरू करायचं नसतं, उशीर झाला तर जिथे थांबलो तिथून पुढे. शेवटी जत्रा आणि प्रिलिम यात आणखी वेळ गेला, दुसरा डोस फेब्रुवारीत झाला, म्हणजे आठ महिन्यांनी, तर म्हणाले चालतं, सहा महिन्यांच्या अलीकडे नको, पलीकडे गेलं तर काळजी नाही.

हे एक वाक्य कोणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि थोडी झोप वाचली असती.

आता उलटी गोष्ट. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीची, वय 12. तिला दुसरा डोस दोन महिन्यांनीच टोचला. का, तर तिथल्या कागदावर 0-2-6 असं छापलेलं होतं. ते शेड्यूल 15 च्या पुढच्यांचं, त्यांना तीन डोस असतात, पहिला, मग एक-दोन महिन्यांनी दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. हिचं वय 12, हिला दोनच पुरले असते सहा महिन्यांच्या अंतराने, पण अंतर पाच महिन्यांपेक्षा कमी पडलं म्हणून आता तिसरा घ्यावा लागला. तिच्या आवयला राग पैशांचा नव्हता एवढा, पोर सुईला घाबरते आणि तिसऱ्यांदा न्यायची म्हणून होता.

लहान मुलींना कमी डोस का, असं मीसुद्धा विचारलं होतं कारण आपल्याला वाटतं मोठीला जास्त औषध लागतं म्हणजे वजनाचा हिशोब असणार. तसं नाही. इंजेक्शन सगळ्यांना तेवढंच, अर्धा मिली, दंडाच्या वरच्या भागात स्नायूमध्ये. पण 9 ते 14 वयात शरीर या लसीला जोरात उत्तर देतं, अँटीबॉडी भरपूर तयार होतात, म्हणून दोनात काम होतं. पंधरानंतर तेवढाच जोर यायला तीन. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही आहे किंवा तसली औषधं चालू आहेत, त्यांचं वेगळं, त्यांना लहान वयात पण तीन सांगतात, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि दुसरं कारण लवकर घेण्याचं ते म्हणजे ज्याच्याबद्दल मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघतात. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो. लस आधीपासून शरीरात शिरलेल्या व्हायरसला हाकलत नाही, फक्त पुढे येणाऱ्याला अडवते. म्हणून ती त्या सगळ्याच्या खूप आधी द्यायची असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला लस दिली म्हणजे आपण तिला कसली परवानगी देतो असं एका बाईंना वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी देतात तेव्हा आपण काय तिला गंजलेल्या खिळ्यावर नाचायला सांगतो का. हसल्या, पण पटलं की नाही ठाऊक नाही.

आता त्या "एकच डोस"च्या भानगडीबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकं इथेच खाजतं. एका ठिकाणी ऐकायचं एक, खाजगी डॉक्टरकडे ऐकायचं दोन, आणि मग आईला वाटतं सरकारी कामात कंजूसपणा केला किंवा खाजगीवाला लुटतो. दोन्ही नाही. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की 9 ते 20 वयापर्यंत एक डोस किंवा दोन डोस, कुठलंही शेड्यूल चालेल, 21 च्या पुढे दोन, सहा महिन्यांच्या अंतराने. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाने 2023 पासून शाळेतल्या मुलींसाठी आणि मुलांसाठी एकावर आणलं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मात्र क्लिनिकमध्ये येणाऱ्या एकेका मुलीसाठी अजून दोन आणि तीनचंच शेड्यूल सांगतात. लाखो मुलींपर्यंत पोचायचं असेल तर एक डोस सगळ्यांना, आणि स्वतःच्या खर्चाने घेणारी असेल तर पूर्ण दोन, असं ते गणित आहे. मी स्वतः दोन घेतले मुलीचे. पण कोणाला एकच मिळत असेल तर "अर्धवट आहे, नको" म्हणून तो सोडू नका, एवढं माझं मत.

आणि हा एक डोसवाला शोध लागला कसा ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात मोठा वाटा आपल्याच देशातल्या एका अभ्यासाचा आहे आणि तो चुकून घडला. 2009 साली भारतात एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, काही मुलींना दोन डोस आणि काहींना तीन, बघूया कोणाला जास्त उपयोग. त्याच वेळी खम्मम जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्रात, आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला एक वेगळा प्रकल्प चालू होता, हजारो मुलींना लस देण्याचा. तिथे सात मुली वारल्या. चौकशीत निघालं की मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता, कारणं वेगवेगळी होती, साप चावणं, बुडणं, अशी. पण गोंधळ एवढा झाला की 2010 च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळंच थांबवलं, त्यात हा अभ्यासही मध्येच बंद पडला, आणि हजारो मुली अशा राहिल्या ज्यांना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. जवळजवळ दहा वर्षांनी बघतात तर एक डोसवाल्या मुलींनाही या व्हायरसच्या 16 आणि 18 नंबरच्या प्रकारांपासून तेवढंच संरक्षण, 90 टक्क्यांच्या वर. हेच दोन प्रकार गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या साधारण 70 टक्के केसेसना कारण असतात. म्हणजे आज जगभर ज्या एका डोसवर मोहिमा चालल्यात त्याला एक मोठा आधार आपल्या गावाखेड्यातल्या मुलींचा आहे, आणि आपल्यालाच ते माहीत नाही.

पण पीटीएवाल्यांनो, त्या खम्ममच्या प्रकरणातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे, ती विसरू नका. संसदेच्या समितीने 2013 मध्ये त्या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले ते संमतीच्या कागदांवरून. कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांच्या ऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस चांगली होती, कागद वाईट होता, आणि त्या एका वाईट कागदामुळे देशात ही लस कितीतरी वर्षं मागे पडली असं मला वाटतं. त्यामुळे आपल्या शाळेत जेव्हा केव्हा कॅम्प लागेल तेव्हा "सर, तुम्हीच सही करून टाका, आमची काही हरकत नाही" असं ग्रुपवर लिहिणारे जे पालक असतात ना, त्यांना तिथेच थांबवा. आणि हेडमास्तरांना पण त्या पापात पाडू नका. फॉर्म मराठीत किंवा कोकणीत असावा, तो चार दिवस आधी घरी जावा, दप्तरात चुरगळून नव्हे, आणि नको म्हणणाऱ्याला वर्गात उभं करून विचारू नये. मी लसीच्या बाजूची आहे म्हणूनच हे सांगते.

आता प्रत्यक्ष टोचण्याच्या दिवसाबद्दल, कारण मुलींच्या डोक्यात भीती असते ती याचीच.

मागे एका शाळेत लस देत होते, मी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीला सोबत म्हणून गेले होते. सकाळची प्रार्थना झाली, मुली व्हरांड्यात रांगेत उभ्या, उकाडा कसला तर मे महिन्यासारखा. अर्ध्या मुली काही न खाता आलेल्या, कारण कोणीतरी सांगितलं होतं इंजेक्शनआधी खायचं नसतं. पुढच्या मुलीला टोचताना मागची बघते, मागचीला बघून तिच्या मागची रडते. एक मुलगी टोचून झाल्यावर उठली, दोन पावलं चालली आणि धाडकन खाली. घेरी आली. तिला आडवं केलं, पाय वर उचलून धरले, पाणी दिलं, पाच मिनिटांत ती उठून मैत्रिणीशी हसत होती. पण संध्याकाळपर्यंत बातमी काय झाली माहितीये? "पोर सीरियस, बांबोळीला मोठ्या हॉस्पिटलात नेली." मला स्वतःला तीन फोन आले, त्यातला एक तर त्याच पोरीच्या काकीचा!

तर घेरी या वयात कुठल्याही इंजेक्शनला येऊ शकते, सुईच्या भीतीने, फक्त याच लसीला नाही. त्यावर उपाय फार साधा आहे आणि तो लिहिलेला पण असतो, बसवून टोचायचं आणि नंतर 15 मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं. मग पडली तरी खुर्चीत पडते, डोकं फुटत नाही. पोटात काहीतरी असावं, पाव-भाजी खाऊन आली तरी उत्तम. टोचायची जागा आडोशाला असावी, रांग बाहेर. बाह्या सैल असाव्यात, आमच्या शाळेच्या युनिफॉर्मच्या बाह्या एवढ्या घट्ट की अर्धा वेळ त्या वर सरकवण्यातच जातो. दंड दुखतो एक-दोन दिवस, जागा लाल होते, थोडी सूज, कोणाला कणकण, डोकेदुखी. माझ्या मोठीचा हात दोन दिवस दुखला, तेवढ्या भांडवलावर तिने आठवडाभर भांडी घासली नाहीत. जिला आधी कुठल्या लसीची किंवा लसीतल्या घटकाची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल, तिने आधीच सांगायचं. ताप चढलेला असेल तर पुढची तारीख घ्यायची. साधी सर्दी असली तर चालतं. पाळी चालू असली तरी चालतं, शंभर टक्के चालतं, हा प्रश्न मला कुजबुजत विचारतात म्हणून इथे मोठ्याने लिहिलाय.

अफवांचं म्हणाल तर ते पण आहेच. गेल्याच महिन्यात एक म्हातारी बाई बसमध्ये मला म्हणाली, "गो बाय, तें इंजेक्शन घेतल्यार मागीर भुरगीं जायनात खंय." म्हणजे, ते घेतलं की नंतर मुलं होत नाहीत म्हणे. त्या "खंय"वर, त्या "म्हणे"वर, माझा खरा राग आहे. कोण म्हणतं, कुठे म्हणतं, काही पत्ता नाही, नुसतं खंय. जगात ही लस 2006 पासून देतायत, तेव्हा घेतलेल्या मुली आज आया झाल्यात. वांझपणाशी संबंध असल्याचा काही पुरावा निघालेला नाही. या लसीत जिवंत व्हायरस पण नसतो, त्याच्या वरच्या कवचासारखं दिसणारं नुसतं प्रोटीन असतं, आत काही नाही, रिकामा नारळ म्हणा. तो बघून शरीर ओळख ठेवतं. गरोदर बाईला मात्र देत नाहीत, डोस मध्येच असताना दिवस गेले तर उरलेले बाळंतपणानंतर.

आणि आपण गोवेकरांनी तर या अफवा आधी एकदा पचवल्यात. 2017 च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोहीम देशात जिथे सगळ्यात आधी सुरू झाली त्या पाच ठिकाणांत गोवा होता, कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपसोबत. नऊ महिन्यांपासून 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना. तेव्हा पण आमच्या ग्रुपवर मेसेजेसचा पूर, मोठी तेव्हा लहान, प्राथमिकला, आणि मी पण घाबरून तिला त्या दिवशी शाळेत पाठवू की नको करत होते. शेवटी तिच्या वर्गशिक्षिकेने घरी फोन करून सांगितलं, माझ्या मुलीला पण देते, तुम्ही पाठवा. त्या एका फोनने जे काम केलं ते कुठल्या पोस्टरने केलं नसतं. पीटीएचं काम ते आहे असं मला वाटतं, तो फोन करण्याचं.

हो, आणि बाबालोकांना बोलवा. जबरदस्तीने बोलवा. "बायकांचा विषय" म्हणून चहाला जाऊ देऊ नका, कारण घरी पैसे काढताना आणि दुसऱ्या डोसला स्कूटर काढताना तेच असतात आणि "बघू पुढे" पण तेच म्हणतात. शिवाय ही लस मुलग्यांना पण देता येते, व्हायरस काही मुलगी बघून येत नाही, पुरुषांना पण त्यातून घशाचे वगैरे कॅन्सर होतात. ते पुढचं पुढे.

पैशांबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये बाजारात आली, तेव्हा डोस साधारण दोन हजारांना होता. ती व्हायरसच्या चार प्रकारांवर चालते, 6, 11, 16 आणि 18. परदेशी नऊ प्रकारांवाली गार्डासिल-9 खाजगीत खूपच महाग, एकेका डोसला पाच आकडी. कुठली घ्यायची ते तुमचा खिसा आणि डॉक्टर ठरवतील, 16 आणि 18 दोन्हींत आहेत. पहिला डोस ज्या कंपनीचा, दुसरा शक्यतो तोच. नाहीच मिळाला किंवा कुठला घेतला ते आठवतच नाही तर दुसऱ्या कंपनीचा चालतो, त्यासाठी अडून बसू नका. यासाठीच सांगते, कार्डावर तारीख, कंपनी आणि बॅच नंबर लिहून घ्या आणि तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढा. माझ्याकडे पहिल्या डोसची फक्त एक पावती होती, तिच्यावर पण तारीख पुसट, पावसात भिजलेली.

कोणी म्हणेल शाळांच्या माध्यमातून हे कुठे जमतं. सिक्कीमला जमलं की. 2018 मध्ये त्यांनी 9 ते 14 च्या मुलींना शाळाशाळांतून लस दिली, सगळे डोंगर, रस्ते खचलेले, आणि तरी 95 टक्क्यांच्या वर मुलींपर्यंत पोचले. आधी शिक्षकांना आणि पालकांना समजावलं, मग सुई काढली. आपल्याकडे सत्तरी तालुक्यातल्या शेवटच्या गावातून पणजीला तास-दीड तासात पोचता येतं, शाळा पावलापावलावर, आणि आपण रडतो लोकांना पटत नाही म्हणून.

तर मीटिंग कधी घ्यायची? माझं म्हणणं शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी. का ते सांगते. मी बायकांना शेड्यूल सांगते ते असं, "शिगम्याला पहिला, चवथ सरल्यावर दुसरा." महिने कोणाला आठवत नाहीत, सण आठवतात. शिगमो मार्चमध्ये, त्यापासून सहा महिने म्हणजे सप्टेंबर, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, म्हणजे गणपती पोचवून, माटोळी उतरवून, घर झाडून झालं की मग जायचं. चवथीच्या आधी नको, बहुतेकदा सहा महिने भरलेले नसतात, आणि त्या दिवसांत आपण इंजेक्शनला जाणार पण नाही, करंज्या कोण करणार? पहिला जूनमध्ये झाला तर दुसरा नाताळाला. कोणाला पहिला चवथीनंतर जमला तर दुसरा पुढच्या शिगम्याला. पोरगी 15 ची व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर मात्र सण बघत बसू नका, वाढदिवसाच्या आधी पहिला घ्या, एक डोस वाचतो.

मीटिंगला पीएचसीतले (सरकारी आरोग्य केंद्रातले) डॉक्टर किंवा तिथल्या नर्स, म्हणजे एएनएम बाई, यांना बोलवा, त्या येतात, आपण बोलवत नाही. मोठं भाषण नको, प्रोजेक्टर पण नको. फळ्यावर एवढंच लिहा, पहिल्या डोसच्या दिवशी वय 15 च्या आत असेल तर दोन, 15 पूर्ण असेल तर तीन, आणि मोहिमेत एकच मिळाला तर तोही घ्या. मग प्रश्न विचारू द्या. बायकांना वेगळं विचारायचं असेल तर पंधरा मिनिटं पुरुषांना बाहेर पाठवा, चहा तेव्हा द्या.

जाता जाता एक, विषय तोच आहे. त्या मीटिंगला आलेल्या आयांना विचारा की त्यांनी स्वतःची तपासणी कधी केली. लस घेतलेल्या मुलींना पण मोठेपणी तपासणी करावीच लागते कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही, आणि आपण तर बिनलशीच्या पिढीतल्या. तिशीनंतर पॅप किंवा व्हीआयए, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, करायची असते. व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं जातात, तेवढा वेळ असतो सापडायला. देशात 2022 सालच्या अंदाजाप्रमाणे एका वर्षात सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर झाला आणि 80 हजारांच्या आसपास गेल्या. माझी एक मावशी त्यात गेली, फार आधी. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेतलं नाही, "पोटाचं काहीतरी" म्हणायचे. मला खरं नाव कळलं ते मोठीच्या पहिल्या डोसच्या दिवशी, आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, बाबा बाहेर बसलेले होते म्हणून.

मी माझी तपासणी केली नव्हती. या पत्राच्या निमित्ताने लाज वाटून गेल्या आठवड्यात करून आले. रिपोर्ट बुधवारी मिळणार आहे.

धाकटीचा पहिला डोस येत्या शनिवारी आहे, ती 12 ची आहे, म्हणजे दोनच. तिने अट घातलीय की घरून उकडे खाऊन जाणार नाही, म्हापशाला जाऊन मसाला डोसा खाणार आणि मगच हात पुढे करणार. ठीक आहे म्हटलं.

कोणाच्या पीटीएला मीटिंग घ्यायची असेल आणि फळ्यावर लिहायला कोणी नसेल तर मी येते, रविवारी सकाळी 10 नंतर, पेडणे ते काणकोण कुठेही, फक्त शेवटची बस चुकणार नाही एवढं बघा.

तुमचीच,
मागच्या बाकावरची एक आई,
डिचोली